बारा खणांचं घर आणि साडूची पाटी

नांदेडला माझ्या साडूच्या घरावर पाटी लागली, त्या दिवशी मी तिथं दोन घासांच्या वर जेवलो नाही. बायकोनं हळूच विचारलं, पोट बिघडलं का. मी हो म्हणालो. पोट ठणठणीत होतं.

साडूच्या आणि माझ्या लग्नाचा मांडव एकच. थोरली बहीण त्याला दिली, धाकटी मला. तो मॅट्रिक झालेला, शाळेत कारकून. मी तिसरीत शाळा सोडली आणि लातूरला घराच्या ओसरीत किराणा दुकान घातलं. त्यानं सायकल घेतली की सासऱ्यांकडं सहा महिने सायकलीचंच नाव. मी सायकल घेतली तेव्हा त्यानं स्कूटर घेतली. असं पन्नास-पंचावन्न वर्षं चाललंय. घराच्या बाबतीत मात्र मी निर्धास्त होतो. त्याचं घर लहान, माझं मोठं, हे सासऱ्यांनीसुद्धा मानलं होतं.

आणि त्या दिवशी त्याच्या दारावर काळ्या दगडाची पाटी, पांढरी अक्षरं. मी एकेक अक्षर लावून वाचलं. 'नवखान यांची हवेली.' खाली बारीक अक्षरात, निजामाच्या काळातला कुणी सरदार, त्याचं हे घर, असं काय काय. वास्तुकलेच्या एका कॉलेजानं मराठवाड्यातल्या जुन्या घरांची यादी करायला घेतली होती, तिच्यात त्याचं घर आलं. कॉलेजच्या बाई आल्या होत्या, पोरंपोरी फोटो काढत होती. साडू धुतलेल्या धोतरात दारात उभा.

"या सावकार," मला म्हणाला, "बघा आमचं गरिबाचं घर." दुकान आहे म्हणून तो मला सावकार म्हणतो. त्यात मान नसतो.

माझ्या जिवाला लागलं ते वेगळंच. दोघांची घरं माळवदाची. म्हणजे लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या आणि सर्वांत वर हातभर पांढरी माती. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा डोक्यावर माती नको म्हणून लोकांनी धडाधड माळवदं उतरवली. साडूनंही माती काढून पत्रा टाकला. मी नाही टाकला. माझ्या घराची एक भिंत तेवढी फुगली, सांगाडा जागचा हलला नाही. तेव्हापासून दरसाल उन्हाळ्यात पांढरी माती आणायची, वर चढून पसरायची, पाणी शिंपडून तुडवायची, हे माझं मी करत आलो. आता ती माती मिळतसुद्धा नाही, गावोगावच्या गढ्या लोकांनी उकरून संपवल्या. आणि साडूनं काय केलं, तर कॉलेजवाले येणार म्हटल्यावर पत्रा काढला, त्यांच्याच माणसांकडून माती टाकून घेतली, आणि पाटी त्याला.

परतताना एस.टी.त बायको म्हणाली, "अक्काच्या घराला किती शोभा आली न्हाई का?"

मी खिडकीतून अहमदपूरपर्यंत बाहेर बघत बसलो.

एवढंच असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण घरी मुलाचं वेगळंच चाललं होतं. आमची गल्ली आता क्लासच्या पोरापोरींनी भरलीये. शेजारची दोन्ही घरं पडून तिथं वसतिगृहं झाली. मुलाला आमचं घर पाडून मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. बिल्डर दोनदा येऊन गेला होता, मी दोन्ही वेळा त्याला चहासुद्धा विचारला नाही. मुलगा वाईट नाही. त्याला दोन पोरी आहेत, दुकान चालत नाही हे त्याला दिसतं, मलाही दिसतं.

मी म्हणालो, "हे घर असंतसं नाही."

"आप्पा, तुमच्या घराला कोण विचारतंय? मावशीच्या घराला निदान कॉलेजवाल्यांनी विचारलं."

मी दुकानात जाऊन बसलो. संध्याकाळी तोच आला. म्हणाला, "एक करा. त्या यादीत आपलं घर आलं तर मी हात लावणार न्हाई. न्हाई आलं, तर दिवाळीनंतर मी बिल्डरला हाव म्हणतो. मग तुम्ही आडवं पडायचं न्हाई."

मी म्हणालो, "पडणार न्हाई." तेव्हा नागपंचमी नुकतीच झाली होती.

बाईंचा नंबर साडूकडं होता. त्याला मी मागणार नव्हतो. बायकोनं अक्काकडून घेतला, आणि साडूला सांगू नको असं अक्काला बजावायचं मात्र विसरली. दुसऱ्या दिवशी साडूचा फोन. "सावकार, यादीची लई घाई झाली म्हणं." मी फोन बायकोच्या हातात दिला.

बाई बोलायला चांगल्या. म्हणाल्या, "काका, तीन गोष्टी लागतील. घराचा जुना कागद, कितीही फाटका असू दे. घराची मापं, ती आम्ही येऊन घेऊ. आणि हे घर इतकी वर्षं कसं सांभाळलं, ते सांगणारं कुणीतरी."

"सांगणारा मीच हाय," मी म्हणालो. "मापं घराला हायत. कागद तेवढा न्हाई."

"शोधा. असतो कुठंतरी."

मग मी शोधायला लागलो. आधी आमची पत्र्याची पेटी उपसली. तिच्यात लग्नपत्रिका, आजाराच्या चिठ्ठ्या आणि एक माझ्या वडिलांचा फोटो, घराचं काही नाही. नगरपालिकेत घरपट्टीचं जुनं बुक निघालं, पण ते माझ्या वडिलांच्या नावापासून पुढचं. तिथल्या माणसानं भूमापनाच्या कचेरीत जा म्हणून सांगितलं. तिथली मुलगी चांगली, तिनं मला खुर्ची दिली, उतारा काढून दिला, पण तोही अलीकडचा. ती म्हणाली, "आजोबा, लातूर जिल्हा झाला तो आत्ता आत्ता. त्याच्या आधीचं हवं असलं तर धाराशिवला जा. आपण तेव्हा तिकडंच होतो."

हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझं लग्न, दुकान, सगळं उस्मानाबाद जिल्ह्यातच झालं, आता त्यालाच धाराशिव म्हणतात. पण कागद तिकडं राहिले असतील हे काही डोक्यात आलं नव्हतं.

मुरुडवरून जाणारी धाराशिवची एस.टी. धरायची, अर्ज द्यायचा, परत यायचं. अर्ज मला लिहिता येत नाही. पहिल्यांदा मी कचेरीबाहेरच्या अर्जवाल्याकडून लिहून घेतला, त्यानं गल्लीचं नाव चुकवलं. दुसऱ्यांदा मी मुलाला लिहायला लावला. तो लिहिता लिहिता म्हणाला, "आप्पा, तुमचा हट्ट घरासाठी हाय का काकासाठी?" काका म्हणजे साडू. मी म्हणालो, "शुद्धलेखन बघ."

पाचव्या खेपेला तिथल्या कारकुनानं लाल फडक्यात बांधलेलं एक जाड गाठोडं माझ्यासमोर सोडलं. त्याला ते लोक रुमाल म्हणतात. धुळीनं त्याला शिंका आल्या, मला नाही आल्या. माती माझ्या अंगवळणी पडलेली. त्यात आमचा कागद निघाला. उर्दूत होता. मला मराठीच अडखळत येतं, मग उर्दूचं काय सांगावं. पण त्यानं आमच्या गल्लीचं नाव आणि माझ्या आज्याचं नाव बोट ठेवून वाचून दाखवलं. माझ्या आज्याचं नाव एवढ्या बारीक वळणात मी पहिल्यांदा पाहिलं. त्याची नक्कल घेतली. येताना मुरुडला उतरून मी एकटाच भजी खाल्ली, हे बायकोला अजून माहीत नाही.

मुलानं फोनवरून कागदाचा फोटो बाईंना पाठवला. बाईंनी तो वाचायला कुठं लांब पाठवला. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"काका, तुमचं घरही एका सरदाराचं निघालं. बाराखान म्हणून कुणीतरी. नवखान आणि बाराखान, एकाच घराण्यातले असावेत. आम्ही पुढच्या आठवड्यात मापं घ्यायला येतो. यादीत येणार बहुतेक."

मुलगा शेजारी होता, त्यानं ऐकलं. म्हणाला, "झालं आप्पा तुमचं काम." आणि खरंच, त्याच्या तोंडावर नाराजी होती, पण राग नव्हता. तो शब्दाचा पक्का आहे. ते माझ्याकडून आलंय.

मी दुकानात गादीवर बसलो. बाराखान. बारा खान. मग सहज वर बघितलं. वर तुळया. दोन तुळयांच्या मधल्या जागेला आमच्याकडं खण म्हणतात. घर केवढं, हे फुटात कुणी सांगत नव्हतं, खणात सांगायचे. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप विचारायचा, घर किती खणाचं. माझं घर बारा खणांचं. साडूचं नऊ.

मी एवढा हसलो की बायको आतून आली. "काय झालं?"

"तुझ्या अक्काच्या घरात कुणी सरदार राहत नव्हता."

तिला काही कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आधी खात्री करायची होती. गंजगोलाईकडं एक उर्दू शाळेचे मास्तर राहतात, आता निवृत्त. त्यांच्याकडून मी कधीकाळी साखरेचे पैसेसुद्धा उशिरा घेतलेत, माणूस भला. त्यांनी चष्मा लावून कागद धरला.

"साफ लिखा है आप्पा. मकान बारा खन, छत मिट्टी की, दरवाजा पूरब कू. खान होता तो अलिफ होता. यां अलिफ कां है?" अलिफ म्हणजे उर्दूतला 'आ', उभ्या रेघेसारखा.

"मग त्यांनी खान कसं वाचलं?"

"जिसने पढ़ा, उसने लातूर का मकान नहीं देखा. उसकू खन क्या मालूम."

मला एवढं सुख कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी नांदेडची गाडी पकडली. साडूला तोंडावर सांगायचं, आणि त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं, एवढ्यासाठीच गेलो. दुसरं कारण सांगितलं तर खोटं होईल.

तो ओट्यावर पेपर वाचत होता. त्याच्या डोक्यावर ती पाटी. मी म्हणालो, "साडूबुवा, तुमचा सरदार म्हणजे घराचे नऊ खण. दुसरं काही न्हाई."

त्यानं पेपराची घडी घातली. "लई उशिरा कळलं तुला."

मी बसलो.

"मला पाटी लावायच्या आधीच माहीत होतं," तो म्हणाला. "बाईंनी नवखान म्हटलं तेव्हाच. या घरात जन्म काढला मी, खण मला शिकवतो का?"

"मग बोलला का न्हाईस?"

"बोलून काय? या गल्लीत नऊ खणांची चार घरं हायत. त्यांच्या दारात कुत्रं थांबत न्हाई. माझ्या दारात मोटारी थांबून राहिल्या. पोरगा घर विकायचं नाव काढत न्हाई आता, उलट पाहुण्यांना दाखवतो. तुझा बी बाराखान आला म्हणे. माझ्यापेक्षा तीन खानांनी मोठा झालास. गप बस. चहा घे."

अक्कानं चहा आणला. मी प्यालो. मी भांडायला आलो होतो आणि त्यानं मला वाटेकरी करून टाकलं.

परतीच्या वाटेवर मला त्याचं म्हणणं पटत गेलं, हे कबूल करतो. नुसतं पटलं नाही, गोड लागलं. बाराखान. नवखानाहून मोठा. माझी पाटी त्याच्याहून रुंद लागेल, ती ओसरीच्या मधल्या खांबावर लावायची की दारावर, याचा विचार मी तीन दिवस केला. साडूला कार्यक्रमाला बोलवायचं, आणि तो आला की म्हणायचं, या, बघा आमचं गरिबाचं घर. मुलाला मी काही बोललो नाही. मास्तरांना म्हणालो, तो कागद कुणी विचारला तर तुम्ही पाहिला नाही. मास्तर माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "जैसी आपकी मर्जी."

चौथ्या दिवशी बाई आल्या, बरोबर चार पोरीपोरं, टेपा घेऊन. त्यांनी घर असं बघितलं जसं पन्नास वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. खांबाखालच्या दगडाला हात लावून बघितला. भूकंपात फुगलेली भिंत मी चुन्यानं कशी बसवली ते विचारलं, चुना किती दिवस भिजवला, त्यात गूळ घातला का, हेसुद्धा. मी सगळं सांगितलं. एक पोरगी लिहून घेत होती. पांढरी माती कुठून आणता म्हणाल्या तेव्हा मी म्हणालो, ते सांगणार न्हाई, सांगितलं तर साडू तिथून उचलून नेईल. बाई हसल्या.

मग त्या ओसरीत बसल्या आणि वही उघडली. "काका, बाराखानाबद्दल तुमच्या घरात काही सांगायचे का?"

मी तयार होतो. एक गोष्ट मनात जुळवून ठेवली होती, सरदाराच्या घोड्याची. पण त्यांनी पुढं विचारलं, "म्हणजे तुमच्या आजोबांनी हे घर त्या बाराखानाकडून विकत घेतलं, की त्यांना बक्षीस मिळालं?"

घोडा तिथंच अडला.

माझ्या आज्यानं किनवटच्या जंगलातला साग बैलगाड्यांतून आणला. देवणीचे बैल होते, त्यातला एक वाटेत बसला तो उठलाच नाही. दोन उन्हाळे घर चाललं. खांब उभे करताना आज्याच्या डाव्या पायाचा अंगठा गेला, मी लहानपणी तो बिनअंगठ्याचा पाय दाबत असे. आणि आता वहीत लिहिलं जाणार होतं की हे घर कुणा बाराखानाचं, माझ्या आज्याला ते विकत मिळालं, नाहीतर बक्षीस.

"माझ्या आज्यानं घर घेतलं न्हाई," मी म्हणालो. "बांधलं."

"पण कागदात तर..."

"उठा बाई. इथं उभं राहा." मी त्यांना दोन तुळयांच्या मधे उभं केलं. "वर बघा. ही तुळई, ती तुळई. तुम्ही उभ्या हायत, हा एक खण. आता पुढं चला."

त्या चालत गेल्या, मी मोजत गेलो. ओसरी, माजघर, देवघर, मागची खोली, सैपाकघर. पोरंपोरीही मागं मागं. बाराव्या खणाला त्या चुलीपाशी पोचल्या आणि तिथंच उकिडव्या बसल्या. बायको भाकरी थापत होती, ती म्हणाली, "बसा, बसा, पाट देते."

"मग काका, नवखान?"

आता इथं मी गप्प बसू शकलो असतो. माझ्या घरापुरतं सांगून झालं होतं. त्या हुशार बाई, त्यांना कधी ना कधी कळलंच असतं, असं मी नंतर स्वतःला खूप वेळा सांगितलं. पण मी लगेच बोललो. "नऊ. मोजून या." आणि बोलताना मला बरं वाटलं. खरं बोलल्याचं अर्धं बरं वाटलं, आणि उरलेलं अर्धं साडूची पाटी उतरणार याचं. कोणतं अर्धं मोठं होतं ते मी बघितलं नाही.

बाईंनी वहीतला बाराखान खोडला. मग म्हणाल्या, "चूक आमची आहे. पण काका, सरदाराचं घर म्हटलं की समिती लगेच घेते. साधं घर घेतीलच असं मी सांगू शकत नाही."

"साधं कसं? बारा खणांचं हाय."

"मी मांडून बघते," त्या म्हणाल्या.

मुलाला त्याच संध्याकाळी कळलं. तो ओरडला नाही. म्हणाला, "आप्पा, घर वाचत होतं. तुमच्या तोंडानं पाडलंत." आठ दिवसांनी बायकोही त्याच्या बाजूची झाली, कारण अक्काचा फोन आला. कॉलेजच्या माणसांनी येऊन पाटी उतरवली. साडूही फोनवर आला.

"बरं वाटलं का आता?" त्यानं विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला. दिवाळीला अक्काकडून बोलावणं आलं नाही. लग्न झाल्यापासून बायको एका दिवाळीला बहिणीकडं गेली नाही असं झालं नव्हतं. तिनं करंज्या केल्या, डबा भरला, आणि तो डबा फडताळात तसाच राहिला. मला तिनं चार दिवस फक्त "जेवा" एवढंच म्हटलं. पाडव्याला बिल्डर येऊन गेला. या वेळी मुलानं त्याला चहा दिला. मी आडवा पडणार नाही असा शब्द दिला होता, म्हणून मी माळवदावर जाऊन बसलो. वरून शेजारच्या वसतिगृहाच्या मुली अभ्यास करताना दिसतात. त्यातल्या एकीनं हात हलवला, मी पण हलवला.

यादी दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी आली. मुलाच्या फोनवर. तो दुकानात आला, दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "आलंय आप्पा. दोन्ही आलीत." बाईंनी समितीपुढं वेगळाच भाग मांडला होता, खणांनी मोजलेली घरं म्हणून. आधीच्या यादीत सरदार आणि देशमुख होते, हा भाग वाण्याउदम्यांच्या आणि कुणब्यांच्या घरांचा. मुलानं आमच्या घराचं वाचून दाखवलं. बारा खणांचं माळवदाचं घर. बांधणाऱ्या कुटुंबाच्याच ताब्यात. माती दरवर्षी घरमालक स्वतः घालतात.

"मी बिल्डरला न्हाई म्हणून कळवतो," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. मी त्याला म्हणालो, मागचे दोन खण तुझ्या पोरींच्या अभ्यासाला नीट करून देतो, फरशी घाल हवी तर. तो म्हणाला, "बघू." आत जाऊन त्यानं आईला सांगितलं, आणि पहिल्यांदा फडताळातला डबा वाजल्याचा आवाज आला. ती अक्काला फोन करत होती. बोलत कोण होतं कळलं नाही, पण फोन लवकर ठेवला नाही.

मी मुलाला परत बोलावलं. "आधी कुणाचं हाय?"

"म्हणजे?"

"यादीत. वर कुणाचं, खाली कुणाचं?"

त्यानं फोन बघितला. "काकाचं वर हाय. आप्पा, ते गावाच्या अक्षरानं लावलंय. नांदेडचा न आधी येतो, लातूरचा ल नंतर."

"असं कुणी ठरवलं?"

"बाराखडीनं."

मी तागडीची वजनं जागेवर लावली. मग त्याला म्हणालो, यादी परत वाच, आणि या वेळी खालून वर वाच.